25 मीटरचा झिरोइंग टार्गेट: हिशेब कागदावरच मांडून ठेवलेला

अमेरिकन लष्कराने एम16ए2 रायफलीसाठी छापलेला 25 मीटरचा झिरोइंग टार्गेट (नेम धरलेल्या जागीच गोळी लागावी म्हणून साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, जुळवण्याचा कागद) हे शिकवण्याचे अत्यंत विचारपूर्वक घडवलेले साधन आहे, असे माझे ठाम मत आहे. साइट जुळवताना नवा सैनिक अडतो तो बहुधा हिशेबात. या रायफलीत फोरसाइटचा (नळीच्या टोकाकडची साइट) एक क्लिक, म्हणजे फिरवण्याचा एक टप्पा, 25 मीटरवर गोळी सुमारे 0.9 सेंमी वर-खाली सरकवतो, तर बॅकसाइटचा (डोळ्याजवळची साइट) विंडेजचा, म्हणजे आडव्या दिशेचा, एक क्लिक जेमतेम 0.3 सेंमी डावी-उजवीकडे. शिवाय गोळी वर न्यायची असेल, तर फोरसाइटची खुंटी खाली उतरवावी लागते.

कागदावरच्या चौकटी या क्लिकांच्या मापानेच आखलेल्या आहेत. तीन गोळ्या झाडायच्या, ग्रुपचा, म्हणजे तिन्ही छिद्रांच्या पुंजक्याचा, मध्य पेन्सिलीने खुणावायचा आणि तिथून कडेपर्यंत रेघ नेऊन आकडा वाचायचा. ग्रुप दोन चौकटी खाली आणि एक चौकट डावीकडे पडला असेल, तर फोरसाइट ‘अप’ बाणाच्या दिशेने दोन क्लिक आणि विंडेज उजवीकडे तीन क्लिक फिरवला की काम झाले. पट्टी लागत नाही, भागाकारही नाही. मधली काळी आकृती 300 मीटरवरच्या माणसाएवढी दिसेल अशा बेताने काढलेली असल्यामुळे नजरेलाही खऱ्या अंतराची सवय होते. मात्र ग्रुप 4 सेंमीच्या वर्तुळात येईपर्यंत साइटला हात लावू नये, यावर प्रशिक्षकाने अडून राहायला हवे, नाहीतर पकडीतला किंवा ट्रिगर दाबण्यातला दोष साइटच्या माथी मारला जातो.

उणीव एका पायरीत आहे. झिरोइंगपूर्वी बॅकसाइट 8/3 च्या (300 आणि 800 मीटरसाठीच्या) खुणेवरून एक क्लिक वर घ्यावी लागते आणि नंतर आठवणीने परत 8/3 वर आणावी लागते. ती तशीच राहिली, तर 300 मीटरवर गोळी सुमारे 8-9 सेंमी वर लागते आणि 25 मीटरवरचा कागद ती चूक दाखवत नाही. जुन्या एम16ए1 चा टार्गेटही वेगळा आहे, कारण तिचे क्लिक दोन्ही दिशांना सारखेच, सुमारे 0.7 सेंमीचे आहेत. त्यामुळे कागद वाटण्यापूर्वी त्यावरचे रायफलीचे नाव वाचून घ्यावे आणि शक्य असेल तिथे 300 मीटरवर झिरो पडताळूनच सैनिकाला पुढे पाठवावे.