नाथ पै ऐकले नव्हते, शेवटी वाचले (संसदेच्या डिजिटल लायब्ररीचा रिव्ह्यू)

मिक्सरचा टाकला, थाळीचा टाकला, आता एका फुकट सर्व्हिसचा रिव्ह्यू टाकतोय. संसदेची डिजिटल लायब्ररी. गेले दोन महिने रात्री जेवण झालं की तिथेच पडीक असतो, बायको म्हणते आता निवडणुकीलाच उभा राहा.

आधी थोडं बॅकग्राउंड. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. बॅरिस्टर नाथ पै, कोकणातले समाजवादी खासदार, पण वेंगुर्ल्याचे, १९२२ चा जन्म, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा फोटो देवांच्या फोटोंच्या लायनीत. आजी म्हणायची, "नाथ बोलाक उभो रवलो काय कोण जाग्यावरसून हलत नसा." ते ठीक आहे आजी, पण काय बोलायचे? ते मात्र कोणालाच सांगता यायचं नाही. आवाज कसा, शब्द कसे, लोक कसे रडायचे, हे सगळं घरात पाठ, आणि तीन वेळा निवडून जाऊन (१९५७, १९६२, १९६७) हा माणूस दिल्लीत नक्की कशासाठी भांडला हे विचारलं की सगळे गप्प, चहा टाकू का. हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं.

तर ही लायब्ररी. पैसे नाहीत, लॉगिन नाही. लोकसभेतल्या जुन्या चर्चांचे खंड स्कॅन करून टाकलेत, घटना समितीच्या चर्चा पण आहेत. खासदाराच्या नावाने शोधा, तारखेने शोधा. माझा फोन जुना, मोठी पीडीएफ उघडली की तो इस्त्रीसारखा तापतो, म्हणून लॅपटॉपवर वाचा हा पहिला सल्ला. दुसरा सल्ला, जुन्या खंडांत पानांऐवजी कॉलमना नंबर असतात, एका पानावर दोन कॉलम, त्यामुळे कुठे काय वाचलं ते लिहून ठेवताना कॉलम नंबर लिहा. मी पान नंबर समजून आठवडाभर भलतंच टिपत बसलेलो.

वाचायला मजा कुठे येते सांगतो. भाषणांची पुस्तकं असतात त्यात भाषण एकदम गुळगुळीत असतं, माणूस सुरू झाला आणि टाळ्यांवर संपला. इथे तसं नाही. इथे मधेच कोणीतरी उठतो, अध्यक्ष बस म्हणतात, कंसात 'व्यत्यय' असं छापलेलं, कोण इंग्रजीत बोलतोय, कोण हिंदीत उत्तर देतोय आणि ती हिंदी तशीच नागरीत छापलेली. आणि सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ. श्री. नाथ पै (राजापूर). पहिल्यांदा ते राजापूर वाचलं ना, दिल्लीच्या त्या एवढ्या जाड खंडात, तर मी खरंच उठून घरात सगळ्यांना दाखवून आलो. तो मतदारसंघ आता नकाशावरच नाही, २००८ च्या फेररचनेत गेला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला.

आता मेन आयटम, नाथ पै विधेयक. हे नाव ऐकलेलं बऱ्याच जणांनी असेल, मला पण नावच माहीत होतं. विषय असा की पंजाबात जालंधरला गोलकनाथ नावाचं कुटुंब, पाचशे एकरांच्या वर जमीन, सरकारने कमाल धारणेच्या कायद्यात (एकाने जास्तीत जास्त किती जमीन ठेवायची तो कायदा) काढून घेतली, ते कोर्टात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ ला सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला की इथून पुढे मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. आणि तेव्हा मालमत्तेचा हक्क पण मूलभूत हक्कच होता. म्हणजे उद्या जमीनसुधारणेसाठी त्या हक्काला घटनादुरुस्ती करून हात लावायचा म्हटलं तर दार बंद. आमच्याकडे खोती (कोकणातली जुनी जमीनदारी) आणि कुळकायदा (कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा) हे शब्द काढले तर अजून लग्नात दोन पंगती वेगळ्या बसतात, त्यामुळे कोकणातल्या समाजवादी खासदाराला हा निकाल का झोंबला असेल हे वेगळं सांगायला नको.

पण बघा, झोंबला तर मोर्चा काढला असता, सभा घेतली असती, ते त्यांना येत होतंच. त्यांनी काय केलं, सहा आठवड्यांत, ७ एप्रिल १९६७ ला, घटनेचं कलम ३६८ (घटनादुरुस्ती कशी करायची ते सांगणारं) बदलायचं खासगी विधेयक मांडलं. शुक्रवार होता, म्हणजे खासगी सदस्यांच्या कामाचा दिवस. शुक्रवारी शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या खासदारांसाठी असतात आणि तेव्हा बरेच जण घरी जायच्या विमानाचं बघत असतात, स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत आणि शेवटचं १९७० मध्ये. थोडक्यात, आपलं होणार नाही हे जवळजवळ माहीत असताना केलेला अभ्यास. म्हणणं एवढंच होतं की घटनेतलं कुठलंही कलम, मूलभूत हक्कांसकट, ठरलेल्या पद्धतीने दुरुस्त करायचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेलाच असला पाहिजे. विरोधी बाकावरच्या एका खासदाराचं विधेयक, पण सगळ्या देशातले कायदेवाले त्यावर भांडायला लागले, संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चा झाल्या. 'स्वतंत्र पक्ष' नावाच्या उजव्या पक्षाचे लोक कडाडून विरोधात. शेवटी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक आपोआप मेलं. तीन आठवड्यांनी, जानेवारी १९७१ मध्ये, बेळगावात नाथ पै पण गेले. ४८ वय.

हे वाचताना मी इतका गुंतलो की दोन वाजले ते कळलं नाही, आणि मग तिसऱ्या-चौथ्या रात्री एक गडबड झाली. मला विरोधकांचं पटायला लागलं. घरात सांगितलं तर फोटो उतरवतील अशी परिस्थिती. पण विचार करा, संसदेला मूलभूत हक्कांवर पूर्ण हात टाकायला मिळाला तर ती फक्त जमीनदारांच्याच हक्कावर टाकेल ही गॅरंटी कोण देणार. नाथ पैंचा लोकांवर विश्वास होता, निवडून आलेली माणसं असं करणार नाहीत असा, हे भाषणभर जाणवतं आणि ते खोटं वाटत नाही. मात्र ते गेल्यावर त्याच वर्षी सरकारने २४ वी दुरुस्ती आणली, जवळपास तीच गोष्ट, आणि चार वर्षांनी आणीबाणी. मग ४२ वी दुरुस्ती, संसदेच्या घटना बदलायच्या अधिकाराला मर्यादाच नाही असं म्हणणारी. त्यात विरोधी बाकांवरचे किती जण तुरुंगात होते ते आठवा. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात कोर्टाने मधला रस्ता काढला (१३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, परत काठावर), दुरुस्ती करा पण घटनेच्या मूळ चौकटीला धक्का नको, तो नसता तर काय झालं असतं. गंमत म्हणजे ज्या मालमत्तेच्या हक्कावरून एवढं रामायण, तो १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेलाच, मूळ चौकट जागेवर राहून गेला.

म्हणजे माझ्या मते बॅरिस्टर साहेब त्या मुद्द्यावर चुकले. लिहिताना पण धाकधूक होतेय. पण आजीच्या नाथपेक्षा हा चुकणारा माणूस मला जास्त आवडला, कारण त्याच्याशी भांडता येतं, तो मुद्दा मांडतो, कोर्टाचा निकाल फाडून बघतो, समोरच्याला बोलू देतो. रडवणाऱ्या आवाजाशी काय भांडणार.

बाकी सगळं इतकं जड नाही हां. परराष्ट्र धोरणावरची भाषणं आहेत, प्रश्नोत्तरं आहेत. प्रश्नोत्तराचा तास तर नक्की वाचा, तारांकित प्रश्न म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि वरून पुरवणी प्रश्न. लिहून आणलेलं उत्तर वाचून दाखवणं सोपं, खरी परीक्षा पुरवणी प्रश्नात, आणि कुठला मंत्री तयारी न करता आलाय हे साठ वर्षांनी पण कागदावर दिसतं.

आता प्रिंटआउटची कथा. बाबांना स्क्रीनवर वाचवत नाही, म्हणून दीडेकशे पानं काढून स्पायरल करायला दिली. दुकानाचं नाव घेत नाही, रोज समोर यायचंय. त्याने मधला गठ्ठा उलटा लावला, त्यामुळे बाबांच्या प्रतीत आधी उत्तर येतं मग प्रश्न, आणि एक सदस्य बसल्यानंतर बोलायला लागतो. बाबा तीन दिवस तसंच वाचत होते. विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं संसद अशीच चालते."

रेटिंग: लायब्ररीला पाचपैकी पाच. नाथ पैंना भाषणासाठी पाच, विधेयकासाठी साडेतीन (बाबांनी पाच दिलेत, आमचं अजून चालू आहे). स्पायरलवाल्याला एक, तो पण कव्हर निळं छान दिलं म्हणून.

पुढचा नंबर मधू दंडवतेंचा, १९७१ पासून सलग पाच वेळा त्याच राजापुरातून. रेल्वेमंत्री असतानाचं काढायचंय, सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गादी आली त्या काळातलं. कोणी आधीच वाचलं असेल तर कॉलम नंबर टाका, पान नंबर नको.