गॅस फुल, तरी एसी मधेच गरम: जुन्या हॅचबॅकचा दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

मायलेज, डिकी, सस्पेन्शन यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय, त्यात मी वेगळं काही सांगणार नाही. पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतलेली, मॅन्युअल एसी. मला बोलायचंय ते फक्त एसीवर, कारण आम्ही अकोल्याचे, मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि अमरावतीला आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दुपारची वेळ टाळता येत नाही.

तर प्रॉब्लेम असा की अकोल्यातून निघताना एकदम मस्त कूलिंग, आणि मूर्तिजापूर जवळ आलं की हवा आधी कोमट मग चक्क गरम. ब्लोअर मात्र तेवढाच जोरात. कुठंतरी सावलीत थांबलो, इंजिन जरा निवलं, की परत गारेगार, आणि थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. आई मागच्या सीटवर ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन बसायची, ते बघून जीव तुटायचा.

पहिल्या दुकानात गाडी उभी केल्याबरोबर उत्तर तयार, गॅस कमी आहे. भरला, १८०० रुपये. आठवडाभरात परत तसंच. दुसऱ्याकडे गेलो, त्यानंही गॅसच. आता माझा राग इथंच आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, सिस्टीम सीलबंद असते, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे, मग आधी लीक शोधा ना. बोनेटखाली स्टिकर असतो, त्यावर आर-१३४ए, म्हणजे एसीचा गॅस, किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं, तो कोणी बघतच नाही, काटा बघून अंदाजानं भरतात. जास्त भरला तर हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो त्या बाजूचं, प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो, म्हणजे पैसेही गेले आणि त्रासही वाढला. मोठ्या वर्कशॉपमध्ये तर डायरेक्ट कॉम्प्रेसर बदला म्हणाले, एस्टिमेट २४ हजार. तेही गाडी थंड असताना, म्हणजे एसी व्यवस्थित चालू असताना तपासून! बिघाड दिसतोय तेव्हा कोणी बोनेट उघडून बघायला तयारच नाही.

इथपर्यंतचं मी मागच्या उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "या गाडीचा एसी विदर्भासाठी नाहीच, घेऊ नका" असंही लिहिलं होतं. ते वाक्य आता काढून टाकलंय, कारण पुढचं घडलं.

बडनेऱ्याच्या अलीकडे रोडवरच एक छोटं एसीचं दुकान आहे, कूलिंग गेलेल्या अवस्थेतच तिथं गाडी घातली. त्या दादांनी पहिली गोष्ट सांगितली, "इंजिन बंद करू नका, एसी चालूच ठेवा." बोनेट उघडून टॉर्च मारला आणि मला दाखवलं, बेल्टवरची पुली फिरतेय पण तिच्या पुढची क्लच प्लेट स्थिर. हा गिअरचा नाही, एसीचा क्लच; एसी लावला की मॅग्नेट ही प्लेट पुलीला चिकटवतो, मगच कॉम्प्रेसर फिरतो. म्हणजे कॉम्प्रेसर चालतच नाहीये. प्रेशर गेज लावले तर दोन्ही काटे १३० पीएसआयच्या आसपास एकाच जागी. हा आकडा गंमतीचा आहे, बाहेर ४० डिग्री असेल आणि कॉम्प्रेसर बंद असेल तर आर-१३४ए चं प्रेशर साधारण एवढंच भरतं, गॅस थोडा असो की फुल, आत थोडासा जरी लिक्विड शिल्लक असेल तरी. त्यामुळे कॉम्प्रेसर बंद असतानाचं प्रेशर बघून गॅस किती आहे हे कळूच शकत नाही. मग क्लचच्या वायरला मीटर लावला, १२ व्होल्ट येतायत. म्हणजे रिले, फ्यूज, प्रेशर स्विच सगळं ओके, करंट पोचतोय पण मॅग्नेट प्लेटला ओढत नाहीये.

कारण त्यांनी समजावलं ते असं. प्लेट आणि पुली यांच्यात बारीक फट असते, बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमी. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. इंजिनच्या उष्णतेनं मॅग्नेटच्या कॉइलचं तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, ६०-७० डिग्री जास्त तापलं तर जवळपास पाव पटीनं, मग करंट कमी, ओढ कमी, आणि वाढलेल्या फटीवरून प्लेट खेचायला ती पुरत नाही. थंड झालं की परत चिकटते. म्हणून येतं-जातं! फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजलं तर फट एक मिमीच्या जवळ. प्लेट काढून आतला एक पातळ वॉशर, शिम म्हणतात त्याला, तो कमी केला. गॅस काढला नाही, भरला नाही. ४०० रुपये घेतले. मी ५०० दिले.

तेव्हापासून हा सगळा उन्हाळा दुपारच्या फेऱ्या झाल्या, कूलिंग एकदाही गेलं नाही, उलट आईच म्हणते जरा कमी कर. त्यामुळे गाडीबद्दलचं माझं मत पूर्ण बदललंय, कूलिंग फर्स्ट क्लास आहे.

तुमच्याकडे पण येतं-जातं असेल तर प्रत्येक वेळी क्लचच असेल असं नाही. हायवेवर चांगलं आणि सिग्नलला गरम होत असेल तर आधी कंडेन्सरचा (समोरची एसीची जाळी, जिथं गॅस थंड होतो) फॅन बघा. लांब चालवल्यावर हवेचा जोरच कमी होत असेल आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर परत येत असेल तर डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. क्लच सारखा टकटक चालू-बंद होत असेल तर मात्र गॅस खरंच कमी असू शकतो. पण बघायचं ते कूलिंग गेलेलं असतानाच, आणि चालू बेल्टजवळ हात किंवा ओढणी नेऊ नका.

पुढच्या मार्चमध्ये फट परत मोजून घेणार आहे. प्लेट फार झिजली असेल तर क्लच सेट वेगळा मिळतो, तेवढ्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर बदलायला लागत नाही. दादांनी सेटचा भाव साडेतीन हजारांच्या आत सांगितलाय.