धोबी तलावचं रेट्रो जर्सीचं दुकान, लुचेस्कूच्या रॅकसाठी तरी जाच

मुंबईत फुटबॉल जर्सी घ्यायची म्हटलं की युनायटेड, बार्सा, मद्रिद, बस. फॅशन स्ट्रीटला तेच, दादर स्टेशनबाहेर तेच. म्हणून मेट्रो सिनेमाच्या मागच्या गल्लीतलं हे छोटंसं दुकान मला इतकं आवडलं, कारण इथे दुकानवाल्या काकांनी एक अख्खा रॅक एकाच माणसासाठी ठेवलाय आणि तो स्टार स्ट्रायकर वगैरे नाही, रोमानियाचा मिर्चा लुचेस्कू, आधी प्लेयर आणि मग देशोदेशी फिरलेला कोच.

सुरुवात पिवळ्या रोमानिया जर्सीपासून. 1970 च्या मेक्सिको वर्ल्डकपला लुचेस्कू कॅप्टन होता, पेलेच्या ब्राझीलकडून 3-2 ने हरले पण टक्कर दिली. कापड जाड कॉटन, कॉलर मस्त बसते.

मग इटलीच्या ब्रेशा क्लबची निळी, छातीवर पांढरा व्ही. माझ्या मते दुकानातला सगळ्यात भारी पीस हाच, व्ही प्रिंट नाही तर शिवलेला आहे त्यामुळे धुतल्यावर निघायचं टेन्शन नाही. लुचेस्कू तिथे कोच असताना रोमानियाचा स्टार हाजी रिअल मद्रिद सोडून या छोट्या क्लबला आला, आणि पुढे इटलीचा स्टार झालेल्या पिर्लोला पोरवयातच लुचेस्कूनेच मेन टीममध्ये आणलं. पोरांवर विश्वास टाकायची सवय तेव्हापासूनची.

गालातासाराय आणि बेशिक्ताश शेजारीशेजारी लटकवल्यात, बघूनच मजा येते, कारण इस्तंबूलच्या या दोन कट्टर क्लबना त्याने लागोपाठ सांभाळलं. गालातासारायबरोबर 2000 चा युरोपियन सुपर कप, तोही रिअल मद्रिदला हरवून, आणि बेशिक्ताशला क्लबच्या शंभराव्या वर्षी, 2003 ला, लीग जिंकून दिली. गालातासारायचा लाल रंग मात्र फिका आलाय.

युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क क्लबच्या केशरी जर्सीवर काकांशी भरपूर गप्पा झाल्या. 2004 ते 2016, बारा वर्षं एकाच क्लबला, आठ लीग, आणि फर्नांदिन्यो, विलियन, डग्लस कोस्टा असे ब्राझीलचे तरुण प्लेयर युक्रेनच्या थंडीत आणून तयार केले, त्यांच्याशी हा स्वतः पोर्तुगीजमध्ये बोलायचा, म्हणजे पोरगं घरापासून लांब आलंय तर निदान कोचचं बोलणं तरी कळायला पाहिजे ना. 2009 ची यूएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल इस्तंबूलला, फेनरबाचेच्या ग्राउंडवर, वेर्डर ब्रेमेन समोर, लुइझ आद्रियानोचा गोल आणि एक्स्ट्रा टाइममध्ये जादसनचा, शाख्तार 2-1 ने जिंकली. स्वतंत्र युक्रेनच्या क्लबने जिंकलेली ती पहिली युरोपियन ट्रॉफी, आणि यूएफा कप या नावाने झालेली शेवटची फायनल. 2014 ला पूर्व युक्रेनमधल्या लढाईमुळे टीमला दोनेत्स्क सोडावं लागलं, तरी हा माणूस लगेच सोडून गेला नाही. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर या गोष्टीचा आहे, कपापेक्षाही.

जर्सीचं म्हणाल तर रंग पक्का, पण पॉलिएस्टर आहे, विरार लोकलमध्ये ऑक्टोबरला घालून बघा, अंगाला चिकटते. साइज लहान येते, एम लागत असेल तर एल घ्या. मागचा नंबर समोरच हीट प्रेसवर लावून देतात.

एक कमी खूप जाणवली, शाख्तारच्या कट्टर प्रतिस्पर्धी डायनमो कीवची पांढरी जर्सी नाहीये. शाख्तारचा माणूस आमच्याकडे कशाला म्हणून 2020 ला तिथल्या फॅन्सनी केवढा राडा केला, आणि पहिल्याच सीझनमध्ये याने त्यांना लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले, पंच्याहत्तरीत! ती रॅकवर पाहिजेच. काका म्हणाले गिऱ्हाईक मागत नाही. म्हणून सांगतोय, गेलात की मागा, चारपाच जणांनी विचारलं तर बनवतील.

सगळ्या जर्सी रेप्लिका आहेत, काका आधीच सांगतात, हजाराच्या आत मिळतात. संध्याकाळी क्रिकेट किटवाल्यांची गर्दी असते, सकाळी जा.