यूएसबी डीव्हीडी रायटर: सगळ्या डिस्क लिहितो, पण पुढे वाचतं कोण?

घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर उतरवायच्या आणि थोरल्यांना त्या टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर पाहता याव्यात, एवढ्यासाठी हा स्लिम रायटर घेतला. खोक्यावर प्लस, मायनस (लिहिता येणाऱ्या डीव्हीडीचे दोन प्रकार), आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी), डबल लेयर (दोन थरांची), अगदी डीव्हीडी-रॅमचंसुद्धा चिन्ह आहे, आणि त्याबाबत तक्रार नाही. जी डिस्क घातली ती त्याने लिहिली. लिहिलेलं वाचायला मात्र प्लेअर राजी हवा.

मायनस आर (एकदाच लिहिता येणारी) डिस्क फायनलाइज केली, म्हणजे लिहून झाल्यावर बंद केली, की आमच्या प्लेअरवर निमूट चालते. हा फॉरमॅट 1997 चा, प्लस आर त्यानंतर 2002 मध्ये आला, त्यामुळे जुने प्लेअर मायनसला जास्त सरावलेले. प्लस आर घातली की ट्रे आत जायचा, थोडी घरघर व्हायची आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. गोम बुकटाइपमध्ये होती. डिस्कच्या सुरुवातीच्या भागात ‘मी अमुक प्रकारची’ अशी नोंद असते; अनोळखी प्रकार दिसला की काही प्लेअर पुढे वाचतच नाहीत. प्लस आर लिहिताना ही नोंद ‘डीव्हीडी-रॉम’ (म्हणजे छापील डीव्हीडी) करता येते, रायटरने साथ दिली तर. मायनसवर ती कारखान्यातूनच ठरून येते. इमगबर्न या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये बुकटाइप बदलून त्याच पाकिटातली दुसरी डिस्क लिहिली, आणि तीच फिल्म लगेच सुरू झाली. डबल लेयरलाही हाच उपाय लागू पडला. फक्त एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थबकतं.

आरडब्ल्यूच्या नादी मी प्लेअरसाठी लागत नाही. ती लेझरचा प्रकाश कमी परतवते, साधारण डबल लेयर डिस्कइतकाच, त्यामुळे काही जुने प्लेअर गोंधळतात. सीडी-आरडब्ल्यूची अडचण याहून जुनी: छापील सीडी सुमारे 70 टक्के प्रकाश परतवते, ही 15 ते 25. गाडीतल्या जुन्या स्टिरिओने ती बाहेर ढकलली यात नवल नाही. रॅम डिस्क कॉम्प्युटरपुरती ठीक.

वेग जितका कमी तितकी डिस्क चांगली, हे ऐकून 16एक्सच्या (मूळ वेगाच्या सोळापटीपर्यंत लिहिता येणाऱ्या) डिस्क अगदी सावकाश लिहून पाहिल्या. फायदा शून्य. कुठल्या डिस्कला लेझर किती जोर लावायचा हे रायटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, डिस्कवरच्या उत्पादक कोडवरून ठरवतं, आणि आताच्या डिस्क फार मंद लिहिण्यासाठी बनलेल्याच नाहीत. मी 6एक्स किंवा 8एक्सवर लिहितो आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं, कधीच टाळत नाही.

4.7 जीबी म्हणतात ते दशमान हिशेबाने, विंडोज 4.38 च्या आसपास दाखवतं. त्यातही प्लसमध्ये मायनसपेक्षा सुमारे 7 एमबी कमी मावतं, म्हणून मायनससाठी काठोकाठ भरलेली इमेज (डिस्कवर उतरवायची तयार फाइल) प्लसवर बसत नाही.

रायटर थेट लॅपटॉपलाच लावा. वेगळी वीज नसलेल्या यूएसबी हबवर लिहिता लिहिता मध्येच दम तोडतो आणि डिस्क वाया जाते. खरा वैताग वेगळाच आहे: वायर काढली की बुकटाइपची सेटिंग विसरतो. दर वेळी लिहिण्याआधी पुन्हा लावावी लागते. फर्मवेअरमध्ये एवढं सुधारा म्हणून कंपनीला कळवलंय, अजून उत्तर नाही.