मेक, सीमेक की मेसॉन? फर्मवेअर प्रोजेक्टवाल्यांनी आधी होस्ट टूल्सकडे बघावं

फर्मवेअरची (बोर्डच्या चिपवर चालणाऱ्या कोडची) बिल्ड सिस्टिम, म्हणजे सोर्सपासून बायनरी बनवून घेणारं मेक, सीमेक किंवा मेसॉनसारखं टूल, बदलायची की आहे तीच रेटायची यावर टीममध्ये बोलणं निघालं की ते लगेच स्पीडवर जातं, निंजा (सीमेक किंवा मेसॉनच्या खाली प्रत्यक्ष कमांड चालवणारं टूल) किती फास्ट आहे, इन्क्रिमेंटल बिल्ड (बदललेलं तेवढंच परत बांधणं) किती सेकंदात होतो वगैरे. माझ्या मते स्पीड हा शेवटचा मुद्दा. टार्गेटचा, म्हणजे बोर्डवर चालणारा, कोड तसा फार त्रास देत नाही, कारण त्याचा क्रॉस कंपाइलर (तुमच्या मशीनवर बसून दुसऱ्या चिपसाठी कोड बनवणारा) तुम्हीच ठरवलेला असतो आणि बाहेरच्या लायब्ररी त्यात जवळपास नसतातच. मेंटेनरचा वेळ खातात ती होस्ट टूल्स, म्हणजे बिल्ड चालू असतानाच तुमच्या मशीनवर कंपाइल होऊन तिथेच चालणारे प्रोग्रॅम. इमेजला हेडर लावणारं मेकइमेज, बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन बायनरीत बदलणारा डिव्हाइस ट्री कंपाइलर, कोअरबूट या ओपन सोर्स फर्मवेअरची फ्लॅश इमेज जुळवणारं सीबीएफएसटूल, साइन करणारी टूल्स, अगदी केकॉन्फिगचा (बिल्डचे ऑप्शन्स निवडायची लिनक्सची पद्धत) मेनू दाखवणारा प्रोग्रॅमसुद्धा. ही सगळी बिल्ड करणाऱ्याच्या मशीनवर जे काय असेल त्यावर अवलंबून असतात आणि ते मशीन तुमच्या हातात नसतं.

एक उदाहरण घेतो म्हणजे लक्षात येईल. मे २०२० मध्ये जीसीसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या कंपाइलरचं १० व्हर्जन आलं, त्यात ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींमध्ये नुसतं डिक्लेअर केलेलं असेल तर लिंकरने ते गुपचूप एकत्र करायचं ही जुनी सवलत डिफॉल्टने बंद झाली. डिव्हाइस ट्री कंपाइलरच्या लेक्सरमध्ये आणि पार्सरमध्ये वायवायलोक नावाचं व्हेरिएबल असंच दोनदा होतं. झालं, जुने लिनक्स कर्नल आणि जुने यू-बूट (बोर्ड सुरू करणारा बूटलोडर), ज्यांचा टार्गेट कंपाइलर तसूभरही बदललेला नव्हता, ते नव्या लिनक्स डिस्ट्रोवर बिल्ड व्हायचे बंद झाले. दुरुस्ती एका ओळीची, पण प्रत्येक जुन्या ब्रँचमध्ये, प्रत्येक व्हेंडरच्या ट्रीमध्ये (सोर्सच्या कॉपीमध्ये) ती वेगळी टाकावी लागली. ही दुरुस्ती तुम्हाला कुठल्याच बिल्ड सिस्टिमने वाचवली नसती हेही खरंय, पण चूक होस्टच्या बाजूची आहे की टार्गेटच्या हे पटकन कळणं आणि एकाच जागी फ्लॅग (कंपाइलरला दिलेला पर्याय) बदलून तात्पुरतं पुढे जाता येणं, हे मात्र सिस्टिमवर अवलंबून असतं. म्हणून मी तिन्हींना एकच प्रश्न विचारतो, एका बिल्डमध्ये दोन कंपाइलर असतात हे तुला कितपत कळतं?

मेक आणि केबिल्ड

नुसतं हाताने लिहिलेलं मेक आणि लिनक्सकडून घेतलेलं केबिल्ड (कर्नलने मेकवरच रचलेली सिस्टिम) हे दोन वेगळे पर्याय समजा. हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये होस्टचे फ्लॅग्ज आणि टार्गेटचे फ्लॅग्ज वेगळे ठेवायची शिस्त तुमची तुम्हाला पाळावी लागते, आणि कोणीतरी योक्टोमधून (बोर्डसाठी अख्खी लिनक्स सिस्टिम बांधणारं टूल) बिल्ड करतो तेव्हा एन्व्हायर्नमेंटमधले सीफ्लॅग्ज होस्टच्या टूलमध्ये शिरले की लिंकरचा एरर असा काही येतो की त्याचा मूळ प्रॉब्लेमशी संबंधच वाटत नाही. केबिल्डमध्ये ही भिंत आधीच बांधलेली आहे. टूलचं नाव होस्टप्रॉग्जमध्ये लिहायचं, ते होस्टसीसीने (होस्टचा कंपाइलर) आणि होस्टसीफ्लॅग्जनेच कंपाइल होतं, टार्गेटचे फ्लॅग्ज त्याला लागत नाहीत.

केबिल्डमधली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कमांडवर लक्ष ठेवणं. साधं मेक फक्त फाइलची वेळ बघतं, तुम्ही फ्लॅग बदलला तर त्याला पत्ताच नसतो. केबिल्ड प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी डॉटने सुरू होणारी एक लपलेली सीएमडी फाइल ठेवतं, तिच्यात ते ऑब्जेक्ट नेमकं कुठल्या कमांडने बनलं ते असतं, कमांड बदलली की फाइल परत बनते. शिवाय फिक्सडेप नावाचं छोटं होस्ट टूल सगळ्यात आधी कंपाइल होतं आणि कुठली सी फाइल कुठल्या कॉन्फिग ऑप्शनवर अवलंबून आहे ते शोधून ठेवतं, त्यामुळे मेनूत एक ऑप्शन बदलला म्हणून अख्खा ट्री परत कंपाइल होत नाही. पण हे सगळं दोन छोट्या गोष्टींवर टिकून आहे. रूलमध्ये फोर्स लिहायचं राहिलं तर कमांड बदलली का ही तपासणीच होत नाही, आणि फाइलचं नाव टार्गेट्सच्या यादीत टाकायचं राहिलं तर सीएमडी फाइल वाचलीच जात नाही मग ती फाइल दर बिल्डला उगाच परत बनत राहते. नवीन माणसाचा पॅच रिव्ह्यू करताना मी पहिल्यांदा हेच दोन बघतो.

मेकच्या व्हर्जनचा त्रास वेगळा. मॅकओएसवर अ‍ॅपलच्या टूल्सबरोबर येणारं मेक अजून ३.८१ आहे, म्हणजे २००६ चं. लिनक्सवर ४.३ किंवा त्याच्या पुढचं. मधल्या काळात काय काय हललंय बघा, ३.८२ पासून वाइल्डकार्डने दिलेली फाइलींची यादी सॉर्ट होऊन यायची बंद झाली आणि २०२० च्या ४.३ मध्ये परत सॉर्ट व्हायला लागली. या मधल्या व्हर्जनवर सोर्सची यादी वाइल्डकार्डने उचलली असेल तर लिंक होण्याचा क्रम फाइलसिस्टिमच्या मर्जीवर जातो, म्हणजे एकच कमिट दोन मशीनवर बिल्ड केलं की दोन वेगळ्या बायनरी. याद्या हाताने लिहा किंवा सॉर्टमधून काढा. त्याच ४.३ ने फंक्शनच्या आत हॅशचं चिन्ह एस्केप करायची पद्धतही बदलली आणि जुन्या मेकफाइली त्यावर अडकल्या.

केबिल्डची किंमत एकच, पण ती कायमची आहे: तो कोड तुमचा नाही. लिनक्समधून कॉपी करून आणला की मूळ पुढे जात राहतं, तुमची कॉपी मागे पडते, आणि मध्ये तुम्ही केलेले बदल सांभाळत सिंक करायला एक जाणता माणूस लागतो. यू-बूट २०१४ मध्ये केकॉन्फिगवर गेलं, पण बोर्डांच्या हेडर फायलींमधले जुने ऑप्शन्स हलवायचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं, त्यासाठी खास स्क्रिप्ट्स लिहाव्या लागल्या, आणि प्रत्येक पॅचनंतर सगळे बोर्ड बिल्ड होतात का हे बघायला बिल्डमॅन होतं म्हणून ते निभावलं. हजारच्या वर डीफकॉन्फिग (बोर्डाच्या तयार सेटिंगच्या फायली) असताना हे टूल नसतं तर कोणी हात घातला नसता असं मला वाटतं.

सीमेक

झेफिर (छोट्या उपकरणांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) २०१७ च्या शेवटी केबिल्ड सोडून सीमेकवर गेलं, आणि त्यामागे विंडोजवर नीट बिल्ड व्हावं हे एक मोठं कारण होतं. तुमचे निम्मे डेव्हलपर विंडोजवर बसतात आणि त्यांना एडिटरमध्ये कोड कम्प्लिशन, डीबगर सगळं जागच्या जागी हवं असतं, तर सीमेकवर फार विचार करू नका, घ्या. केकॉन्फिग सोडावं लागेल ही भीती पण नको, झेफिरने केकॉन्फिगलिब या पायथनमधल्या इम्प्लिमेंटेशनवर केकॉन्फिग चालू ठेवलंय, मेनूकॉन्फिगसकट.

अडचण आपल्या मूळ प्रश्नात आहे. सीमेकला एका बिल्ड ट्रीमध्ये एका भाषेसाठी एकच कंपाइलर माहीत असतो. टूलचेन फाइलमध्ये (कुठला कंपाइलर वापरायचा ते सांगणारी फाइल) आर्मचा जीसीसी दिला की सगळं आर्मसाठी, मग ते छोटं सी टूल होस्टसाठी कंपाइल करायचं कसं? एक्स्टर्नल प्रोजेक्ट वापरून आतमध्ये दुसरं सीमेक चालवायचं, हा नेहमीचा मार्ग. चालतो, पण आतल्या प्रोजेक्टला बाहेरून व्हेरिएबल्स पोचवा, टूलचा पाथ बाहेर आणा, टूलचा सोर्स बदलला की बाहेरच्या बिल्डला कळवा, असं सगळं तुम्हीच जोडायचं. झेफिरला हे फार जड गेलं नाही कारण त्यांची बिल्डच्या वेळची टूल्स बहुतेक पायथन स्क्रिप्ट आहेत, कंपाइल करायचा प्रश्नच नाही. तुमच्याकडे सी मधली दहाबारा टूल्स असतील तर झेफिरचं उदाहरण तुम्हाला लागू पडत नाही, हे लोक विसरतात.

अजून एक, सीमेक सुरुवातीला कंपाइलर चालतो का हे बघायला छोटा प्रोग्रॅम लिंक करून पाहतं आणि बेअर मेटलवर (ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपवर) एक्झिटसारखी फंक्शन्सच नसल्यामुळे तिथेच फेल होतं. ३.६ पासून ट्राय-कंपाइलला एक्झिक्युटेबलऐवजी स्टॅटिक लायब्ररी बनवायला सांगता येतं, टूलचेन फाइलमध्ये ती ओळ टाका आणि पुढे जा.

मेसॉन

दोन कंपाइलरचा प्रश्न मेसॉनने सगळ्यात स्वच्छ सोडवलाय. एक्झिक्युटेबलला नेटिव्ह ट्रू लिहिलं की ते बिल्ड करणाऱ्या मशीनसाठी बनतं, डिपेंडन्सीलाही तेच लागू, त्यामुळे ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन आणि साइनिंगची लायब्ररी) होस्टचं शोधायचंय की टार्गेटच्या सिसरूटमधलं (टार्गेटच्या लायब्ररींच्या फोल्डरमधलं) यात गोंधळ होत नाही. पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं टूल) टार्गेटचा पाथ देतं आणि होस्टचं टूल त्याला लिंक व्हायला जातं हा हाताने लिहिलेल्या मेकफाइलमधला जुना रोग इथे नाही. फक्त एक सांभाळा, मेसॉनमध्ये होस्ट मशीन म्हणजे जिथे शेवटचा प्रोग्रॅम चालणार ते, आपण फर्मवेअरवाले ज्याला होस्ट म्हणतो त्याला ते बिल्ड मशीन म्हणतात. टीममध्ये हे पहिल्याच दिवशी सांगून टाका नाहीतर क्रॉस फाइल (टार्गेटची माहिती मेसॉनला देणारी फाइल) उलटी लिहिली जाते.

कमी काय? केकॉन्फिग त्यात आपोआप येत नाही. क्यूएमू (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा एम्युलेटर) डिसेंबर २०२० च्या ५.२ मध्ये मेसॉनवर गेलं तेव्हा त्यांनी केकॉन्फिगसारखी भाषा वाचणारी स्वतःची पायथन स्क्रिप्ट सोबत चालू ठेवलीच. मेसॉनमध्ये स्वतःची फंक्शन्स लिहिता येत नाहीत, हे मुद्दाम तसं आहे आणि बहुतेक प्रोजेक्टना चांगलंही आहे, पण शंभर बोर्ड, प्रत्येकाला तीन स्टेज (बूटचे टप्पे), प्रत्येक स्टेजला वेगळी इमेज असं असेल तर तुम्हाला गुदमरल्यासारखं होईल.

टूल सी मध्ये की पायथनमध्ये

हा प्रश्न बिल्ड सिस्टिमइतकाच मोठा आहे आणि त्यावर चर्चा कमी होते. सी मधलं टूल एकदा बिल्ड झालं की झालं, पण ते नेमकं कुठे बिल्ड होईल याचा भरवसा नाही. गेटऑप्टचं (कमांडला दिलेले ऑप्शन वाचणारं फंक्शन) उत्तर कोणीतरी इंटऐवजी कॅरमध्ये ठेवतो आणि ते उणे एक होईपर्यंत लूप फिरवतो, एक्स८६ वर वर्षानुवर्षं चालतं, मग कोणीतरी ६४ बिट आर्म सर्व्हरवर लिनक्समध्ये बिल्ड करतो, तिथे कॅर अनसाइन्ड असतो, उणे एकचे २५५ होतात आणि लूप कधी थांबतच नाही किंवा टूल नुसती मदत छापून बाहेर पडतं. मॅकवर एल्फचं (लिनक्सच्या बायनरीचा फॉरमॅट) हेडर नाही, मस्लवर (काही डिस्ट्रोंमधली वेगळी सी लायब्ररी) एरर आणि एफटीएसची हेडर्स नाहीत. ओपनएसएसएल ३.० ने सप्टेंबर २०२१ मध्ये इंजिनचं एपीआय डेप्रिकेट केलं आणि पुढे त्याची हेडर्स काही ठिकाणी वेगळ्या पॅकेजमध्ये गेली, त्यामुळे साइनिंगचा कोड असलेली टूल्स अडकली.

पायथन यातल्या बहुतेक गोष्टी टाळतं पण स्वतःच्या आणतं. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मधून डिस्ट्युटिल्स (पॅकेज बांधायची जुनी लायब्ररी) काढून टाकलं, सेटअपसाठी थेट त्यावर अवलंबून असलेल्या बऱ्याच जणांचा बिल्ड ३.१२ वर फेल व्हायला लागला. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट इन्स्टॉल करू देत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवावं लागतं, म्हणजे रीडमीतली ती एक ओळ आता चार ओळींची झाली. तरी मला विचाराल तर नवीन टूल पायथनमध्येच लिहा, स्टँडर्ड लायब्ररीच्या बाहेर शक्यतो जाऊ नका, आणि जे टूल डिस्ट्रोवाले वेगळं पॅकेज करून वाटणार आहेत किंवा बोर्डवरही चालणार आहे तेवढंच सी मध्ये ठेवा. पॅकेज करणाऱ्यांसाठी यू-बूटसारखं टूल्स-ओन्ली टार्गेट द्या, त्यांना क्रॉस कंपाइलर लागता कामा नये.

स्वतःची टूलचेन दिली की हे सगळं मिटतं असं कोणी म्हणालं तर कोअरबूट बघा. ते ठरावीक व्हर्जनचा जीसीसी सोर्समधून बांधून घेतात, टार्गेटच्या बाजूला त्याचा खूप फायदा होतो, पण सीबीएफएसटूल शेवटी तुमच्या डिस्ट्रोच्याच कंपाइलरने बनतं. कंटेनरने सीआय (प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) स्थिर होतो, पण तुमचं सोर्स घेऊन स्वतःच्या सिस्टिमवर बांधणारा माणूस तुमचा कंटेनर वापरत नाही.

मग घ्यायचं काय

बोर्ड भरपूर, ऑप्शन्स भरपूर, सगळे लिनक्सवर आणि केबिल्ड चालू स्थितीत असेल तर हलू नका, तो वेळ सिंक करण्यात घाला. हाताने लिहिलेलं मेक असेल, बोर्ड मोजके आणि सी मधली टूल्स बरीच, तर मेसॉन. विंडोज आणि आयडीई महत्त्वाचं आणि टूल्स पायथनमध्ये असतील किंवा न्यायची तयारी असेल तर सीमेक. दोन्ही बाजूंनी ओढाताण असेल, म्हणजे बोर्डही शंभर आणि विंडोजही हवं, तर सीमेक अधिक केकॉन्फिगलिब हे झेफिरने सिद्ध केलेलं जोडकाम आहे, नवीन काही शोधत बसू नका.

बदलायचं ठरलं तर फर्मवेअरपासून सुरू करू नका, होस्ट टूल्स आधी नव्या सिस्टिमवर न्या आणि जुनी मेकफाइल त्याच टूल्सचा पाथ घेऊन चालू ठेवा. मग टार्गेटकडे वळताना जुन्या आणि नव्या बिल्डची बायनरी बाइट टू बाइट सारखी येईपर्यंत जुनी सिस्टिम काढू नका, त्यासाठी सोर्स डेट इपॉक सेट करून वेळ गोठवा, जीसीसी ८ पासून फाइल-प्रिफिक्स-मॅप आहे त्याने पाथ काढून टाका, आणि तरी फरक आला तर डिफोस्कोपमध्ये (दोन बायनरींमधला फरक दाखवणारं टूल) टाकून बघा, बहुतेक वेळा लिंकचा क्रम किंवा राहून गेलेला एखादा फ्लॅग निघतो. सीआयमध्ये चार होस्ट ठेवा: तुम्ही सपोर्ट करता त्यातली सगळ्यात जुनी डिस्ट्रो, एक रोलिंग (सतत अपडेट होणारी) डिस्ट्रो, एक मस्लवाली आणि एक ६४ बिट आर्म. रोलिंगवाला लाल झाला तर मर्ज अडवू नका पण त्याच आठवड्यात बघा, कारण तोच एरर पुढच्या रिलीजला बाकीच्या डिस्ट्रोंवर येणार असतो.