जुन्या महिंद्रा पिकअपची चासी आणि पाटे घरीच केले: एक आंब्याचा हंगाम आणि एक पावसाळा झाल्यानंतर

आमची पिकअप ऐंशीच्या दशकातली, जीपच्या नाकाची महिंद्रा. प्यूजोचं 2112 सीसी डिझेल इंजिन, पुढे-मागे सरळ एक्सल, चारही चाकांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही शिडीसारखी साधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. काकांनी आंब्याच्या पेट्या वाहायला घेतलेली गाडी पूर्णगडच्या खाडीकाठी वर्षानुवर्षं राबली. इंजिन अजून ठणठणीत, पण खालून गंजाने पोखरलेली. मागच्या वर्षी आंबा उतरल्यावर आम्ही ती मांगरात (अवजारं-गुरं ठेवायच्या शेडमध्ये) घेऊन खोलली आणि मार्गशीर्षात परत रस्त्यावर आणली. त्यानंतर आंब्याचा हंगाम झाला, पावसाळा झाला, आंबा घाटातून कोल्हापूरला जाणं-येणं झालं. काय टिकलं आणि काय नाही, ते आता खात्रीने सांगता येतं. जुन्या जीपबद्दल जी माहिती मिळते ती बहुतेक देशावरच्या किंवा पंजाब-हरियाणाच्या कोरड्या हवेत काम करणाऱ्यांची असते. आपल्या किनाऱ्यावर त्यातलं बरंचसं लागू पडत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. कोकणात चासी बंद करू नका. चासीच्या सी चॅनेलला (एका बाजूने उघड्या, C आकाराच्या पट्टीला) आतल्या बाजूने पट्टी मारून पेटी करायचा सल्ला आम्हालाही खूप जणांनी दिला. पेटी केली की चासी पिळवटत नाही, हे खरं आहे. पण त्या पेटीत पाणी आणि लाल माती शिरणारच. शिरली की बाहेर पडणार नाही, आणि आतून काय चाललंय ते तुम्हाला दिसणार नाही. उघड्या चॅनेलमध्ये हात घालता येतो, पाइप लावून धुता येतं, ब्रश फिरतो. शिवाय माल वाहणाऱ्या गाडीची चासी थोडी वळणं अपेक्षितच असतं. जिथे पट्टी संपते तिथे सगळा ताण एकवटतो आणि पुढची चीर तिथेच पडते. आमची चासी उघडीच ठेवली आणि पावसाळ्यानंतर त्या निर्णयाबद्दल मला जास्तच खात्री वाटते.

गंज शोधताना डोळ्यांपेक्षा हातोडी कामाला येते. छोट्या हातोडीने चासीवर टोकत गेलं की चांगल्या जागी खण्ण वाजतं आणि सडलेल्या जागी आवाज बसतो. मागच्या एक्सलवर चासी जिथे कमानीसारखी वर उचलली जाते, तिथे माती साठते. तिथला रंग दिसायला चांगला होता. तार ब्रश मारल्यावर पापुद्रे निघायला लागले, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरळ आरपार गेलं. चांगल्या जागी कॅलिपरने 4 मिमीच्या आसपास भरणारा पत्रा तिथे दीड मिमीसुद्धा उरला नव्हता. दुसरी जागा म्हणजे पाट्यांचे हँगर, पाट्यांची टोकं चासीला धरणारे आधार. तिथे पत्र्यावर पत्रा रिव्हेट केलेला असतो. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या फटीत तो फुगतो आणि रिव्हेटसकट पत्रे एकमेकांपासून ढकलतो. आमच्या डाव्या हँगरमध्ये नख शिरेल एवढी फट पडलेली होती. मासळी वाहिलेली जुनी गाडी कोणी विकत घेत असेल तर हौद्याच्या बरोबर खालचा हा भाग बघितल्याशिवाय सौदा करू नये. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिथेच ठिबकत आलेलं असतं.

आता मिठाचं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसरात्र त्याच्या वर असते आणि एरवीही पुष्कळ रात्री असते. म्हणजे पाऊस नसतानाही खारावलेलं लोखंड ओलंच राहतं. रंगाखाली मीठ राहिलं तर महागातला महाग रंगही फोड येऊन सुटतो. त्यामुळे घासून झाल्यावर चासी गोड्या पाण्याने भरपूर धुतली, उन्हात वाळवली, परत घासली आणि मगच प्रायमर मारला. आणि कृपा करून समुद्राची वाळू ब्लास्टिंगला (हवेच्या दाबाने कण मारून गंज काढायला) वापरू नका. ती फुकट मिळते म्हणून काही ठिकाणी वापरतात, पण तिच्यासोबत मीठ थेट लोखंडात ठोकलं जातं. वाळूची धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्लास्टिंग करायचंच तर कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरणाऱ्याकडे करा, आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. उघडं लोखंड आपल्या हवेत काही तासांत तांबूस पडतं.

रंगकाम मुद्दाम गणपतीनंतर, पाऊस उघडून ऑक्टोबरचं ऊन तापल्यावर केलं. एपॉक्सीला 85 टक्क्यांच्या वरची आर्द्रता चालत नाही आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर असावं लागतं. म्हणून सकाळी दव सुकल्यावर सुरुवात आणि चारच्या आत ब्रश खाली. झिंक फॉस्फेटवाल्या एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर काळा टॉपकोट, कोपऱ्यांत आणि पत्र्यांच्या सांध्यांत मेणाचं तेल.

चासी सरळ आहे की नाही, हे बघायला आमच्याकडे गॅरेजमधला कुठलाही बेंच नव्हता. गावातल्या गवंड्याकडून ओळंबा आणि पाण्याची लेव्हल पाइप आणली, आणि हे काम मला सगळ्यांत जास्त आवडलं. मांगरातली कोब्याची जमीन झाडून घेतली. चासी चार घोड्यांवर ठेवून लेव्हल पाइपने चारही टोकं एका पातळीत आणली. मग प्रत्येक हँगरच्या भोकातून ओळंबा सोडायचा, तो हलायचा थांबला की जिथे टोक येईल तिथे खडूने फुली. डावी-उजवीकडच्या सगळ्या फुल्या झाल्या की चासी बाजूला करून जमिनीवर दोरा ताणायचा आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे म्हणजे चासी काटकोनात. आमच्या मागच्या भागात फरक निघाला. कधीकाळी मागून धक्का बसलेला असणार. चेन पुली आणि जॅक लावून तो वेल्डिंगच्या आधीच काढला. फुल्यांवर वॉर्निश मारून ठेवलं होतं, त्यामुळे वेल्डिंग झाल्यावर चासी परत त्याच जागी ठेवून पडताळता आली.

वेल्डिंग आमच्या वेल्डर काकांनी केलं, मी घासणं आणि कापणं. नवीन पत्रा जुन्याच जाडीचा घेतला. जाड पत्रा लावला की शेजारचा मूळ पत्रा तुटतो. तुकड्याची टोकं निमुळती, म्हणजे वेल्ड चासीवर सरळ आडवं येत नाही. चॅनेलच्या वरच्या-खालच्या पात्याच्या कडेवर वेल्ड नाही. एकेका बाजूला बोटभर वेल्ड मारून दुसरीकडे जायचं, नाहीतर उष्णतेने चासी ओढली जाते. 7018 चे वेल्डिंग रॉड वापरायचे असतील तर आपल्या दमट हवेत ते उघडे ठेवून चालत नाही. ओलावा धरला की वेल्ड आतून चिरतं. वेल्डर काकांनी रॉड भट्टीत भाजून घेतले आणि काम चालू असताना बल्ब लावलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. हँगरचे रिव्हेट घरी तापवून बसवणं शक्य नव्हतं, म्हणून भोकं रीमरने साफ करून अगदी घट्ट बसणारे 8.8 ग्रेडचे बोल्ट घातले. ते अजून एकही ढिला झालेला नाही.

पाटे कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला करून घेतले. पाट्यावर वेल्डिंग कधीच करायचं नसतं, तुटलेला पाटा बदलायचाच. सगळे पाटे सुटे करून, गंज काढून, कमान परत भरून घेतली आणि दोन मेन पाटे नवीन टाकले. आमच्या दादाचा आग्रह होता की मागे एकेक पाटा वाढवू, आंब्याच्या पेट्यांचं वजन असतं. तिथल्या कारागिराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पावणं, पाटा वाढवला तर पाटा वाचंल, चासी जाईल की." त्याचं बरोबर होतं. पाटा ताठ झाला की खड्ड्याचा दणका सगळा हँगरवर जातो, आणि आमचे हँगर सडले होते तिथेच. पाटे मूळ संख्येएवढेच ठेवले, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस.

आता वापरातला अनुभव. आंब्याच्या दिवसांत हौदा भरून पेट्या पावस, भाट्येवरून रत्नागिरीला जात होत्या. गाडी मागे बसते, पण पाटा आपटत नाही. पेट्या उघडल्यावर खालच्या थरातले आंबे दबलेले नव्हते. गाडी घेतलेल्या काकांना हेच पाहिजे होतं. रिकामी असताना मागून उडते, ते या गाडीकडून गृहीतच धरायचं. आंबा घाट उतरताना पूर्वी स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, ते पूर्ण थांबलं. पन्नासच्या आसपास पुढची चाकं थरथरायची, तेही गेलं. त्याला किंगपिनची (ज्यावर पुढचं चाक वळतं ती) बेअरिंगं आणि टायरॉडचे (स्टिअरिंगच्या दांडीचे) बॉल जॉइंट नवीन टाकावे लागले. एकट्या पाट्यांनी ते झालं नसतं. शॉकअप साधे नेहमीचेच घातले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तक्रारी दोन. यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) जिथून घेतले त्या दुकानाने चांगल्या ग्रेडचे म्हणून मऊ माल दिला. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर नट कसायला घेतले तर ते फिरतच राहिले, आटे ओढले गेलेले दिसत होते. यू-बोल्ट ढिले म्हणजे सेंटर बोल्ट तुटून एक्सल मागे-पुढे सरकू शकतो, म्हणून त्याच दिवशी गाडी थांबवली आणि चारही जोड्या बदलल्या. नवीन यू-बोल्ट बसवल्यावर काही अंतर चालवून ते परत कसणं सक्तीचं समजा, आणि काढलेला यू-बोल्ट परत वापरू नका. दुसरी तक्रार मागच्या पाट्यांच्या टोकांतल्या रबर बुशांची. चैत्रातच चिरले. बदलताना पिन पूर्ण कसण्याआधी गाडी चाकांवर उतरवा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो. पुढच्या आट्यांच्या शॅकलचा (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा) हा प्रश्न नाही. त्यातले काही शॅकल उलट्या आट्यांचे असतात, तेवढं बघून फिरवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला त्यांना ग्रीस दिलं. जुनं ग्रीस पाणी घेऊनच बाहेर येतं, आणि नवीन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन दाबत राहायचं.

आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, गाडीखाली जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. लोखंडाला त्याने थोडा आडोसा मिळतो, पण रबराचे बुश आणि ब्रेकचे होज त्याने फुगतात आणि अंगणात ठिबकलेलं ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे जातं. मी ते मारलं नाही. त्याऐवजी पीव्हीसी पाइपला वरच्या अंगाने भोकं पाडून तो खळ्यात आडवा ठेवलाय. किनाऱ्यावरून आलं की नळ सोडून गाडी त्याच्यावरून हळूहळू पुढे-मागे घ्यायची, चासीच्या आतपर्यंत पाणी पोचतं. फक्त खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तेव्हा त्या पाण्याने धुऊ नका. आम्ही तेवढे दिवस वरच्या घरच्या विहिरीचं पाणी आणतो.

पावसाळा संपल्यावर गाडी परत घोड्यांवर घेतली आणि बॅटरी घेऊन खालून इंच न इंच बघितला. कमानीवरचे नवीन तुकडे स्वच्छ, हँगर स्वच्छ, चॅनेलची आतली बाजू स्वच्छ. गंज दोनच ठिकाणी परतला. एक, मागच्या आडव्या मेंबरच्या बोल्टच्या डोक्यांवर. दुसरं, हौद्याखाली चासीवर किंजळीची अख्खी फळी बसवली होती, तिच्या खाली. लाकूड महिनोन्‌महिने ओलं राहिलं आणि रंगाला फोड आले. आता फळीचे छोटे तुकडे करून मध्ये मोकळी जागा सोडली आहे, म्हणजे पाणी निघून जाईल आणि वारा फिरेल.

कागदपत्रांचंही लक्षात ठेवा. ठोकलेला चासी नंबर असलेला भाग कापायचा नाही, ब्लास्टिंगच्या वेळी तो झाकायचा आणि त्यावर जाड रंग चढवायचा नाही. पासिंगला त्याचा पेन्सिलने छाप घेतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, त्यामुळे व्हीलबेस किंवा चासीची लांबी बदलायच्या भानगडीत पडू नका. व्हिंटेज नोंदणीचा 2021 चा नियम 50 वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या आणि धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आमची गाडी वयातही बसत नाही आणि आंबेही वाहते, तेव्हा ती नेहमीच्या फिटनेसवरच चालते. या वर्षीचं पासिंग पहिल्याच दिवशी झालं.

पाटे, पत्रा, रंग, बेअरिंगं आणि मजुरी धरून खर्च 90 हजारांच्या आसपास गेला. सगळ्यांत मोठा हिस्सा पाटे आणि पुढच्या एक्सलचा. घरी काम केल्याने वाचली ती मुख्यतः घासायची आणि खोलायची मजुरी. वेल्डिंगचा हात पक्का नसेल तर तिथे पैसे वाचवू नका, चासीवरचं वेल्ड जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. दिवाळीनंतर मागचा आडवा मेंबर काढून बोल्ट बदलणार आहे आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या तांबे-निकेलच्या टाकणार आहे. आंबा सुरू व्हायच्या आत दोन्ही कामं व्हायला हवीत.