पट्टा ओढून पाहिला होता, तरी 18,35,000 गेले

पुरात बुडालेली सेकंड हँड गाडी चांगली म्हणून माझ्या गळ्यात मारली गेली. त्यात गेलेली रक्कम आधीच सांगतो: 18,35,000 रुपये. त्यातले 9 लाख पर्सनल लोनचे. दर महिन्याच्या 5 तारखेला 19,793 कापले जातात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. हे लिहायला चौदा महिने लागले, कारण पूर्ण आकडा मी घरीसुद्धा बरेच दिवस सांगितला नव्हता.

"एवढं शिकून कसा फसलास?" हे मी सगळ्यांकडून ऐकून घेतलंय, त्यामुळे आधी माझी बाजू. मी भोसरीत वीस वर्षं मशीन शॉपमध्ये काम करतो. गंज म्हणजे काय, हे मला शिकवावं लागत नाही. आणि मी हुरळून गाडी घेतली नाही, दोन वर्षं अभ्यास केला. फोर्ड मस्टँग मनात होती, पण सेकंड हँडचा आकडा ऐकला आणि तो विषय बंद केला. ऑडी टीटी दोनदा पाहिली. मागच्या सीटवर मुलगीसुद्धा नीट बसेना, शिवाय सुट्या भागांचा खर्च. पोलो जीटीआय 2016 ची, तीन दरवाज्यांची. आपल्याकडे फार थोड्या आल्या, आणि आईला मागे चढवायचं कसं? राहिली 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 अश्वशक्तीची ताकद, शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत आणि वर 590 लिटरची डिकी. ज्यांना चार दरवाजे दिसले की ती स्पोर्ट्स कार वाटत नाही, त्यांनी एकदा ती चालवून बघावी. मी अजूनही म्हणतो, निवड चुकली नव्हती.

गाडी मिळाली बायपासला लागून असलेल्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात, पत्र्याच्या शेडमध्ये. निळी, तामिळनाडू पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर 38,412. बाकी ठिकाणी वीस लाखांच्या वर सांगत होते, इथे डीलर साडेअठरापासून सुरू करून पावणेसतरावर आला. एवढं खाली का आला, हे मी विचारलं होतं. "परराज्याची गाडी आहे सर, लोक पासिंगच्या कटकटीला घाबरतात." मला पटलं. कुणालाही पटलं असतं.

आता तो क्षण. चौदा महिने रोज रात्री मी तिथेच जाऊन पोचतो.

ड्रायव्हर सीटवर बसलो, सीटबेल्ट ओढला. सवयीने नाही, मुद्दाम. पुराची गाडी ओळखायची तर पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा, हे मला माहीत होतं. शेवटची वीतभर पट्टी हाताला कडक लागली. बाकीचा पट्टा मऊ काळा, आणि तिथे कडेने फिकट तपकिरी रेघ, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. अंगठा घासला तर नखात बारीक भुकटी आली. मी त्याच्याकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, "आधीच्या मालकाच्या मुलाने कॉफी सांडली होती, सर."

पट्ट्याचा तो भाग कायम दरवाज्यांमधल्या खांबाच्या आत, गुंडाळीत असतो. तिथे कॉफी पोचेल कशी? एवढा एक प्रश्न विचारायचा होता. मी "अच्छा" म्हणालो. त्याने हात आत घालून स्टार्टचं बटण दाबलं, एक्झॉस्टचा आवाज आला, आणि माझ्या हातातला पट्टा सुटून खांबात परत गेला.

गाडीत उग्र सुगंधी जेलचा डबा होता, कार्पेट कोरं करकरीत होतं, उजव्या टेललाइटला आतून वाफ धरली होती. सात वर्षांच्या गाडीचं कार्पेट नवीन का? हेही दिसलं होतं. माझा नेहमीचा मेकॅनिक त्या आठवड्यात गावाला होता आणि "संध्याकाळी नाशिकची पार्टी येतेय" असं मला सांगितलं गेलं. मेकॅनिक येईपर्यंत थांबू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. नाशिकची पार्टी नसतेच.

2 जून 2024 ला 51,000 टोकन, यूपीआयने. 6 जूनला 12,24,000 आरटीजीएस. त्याच दिवशी 4,00,000 दुसऱ्याच एका नावाच्या खात्यावर, कारण "कमिशन आणि एनओसीचं काम वेगळं आहे". 8 जूनला ताबा घेताना महाराष्ट्र पासिंग आणि टॅक्सचे म्हणून 1,60,000. खात्याचं नाव बदललं की तिथेच उठायचं. मी उठलो नाही, कारण टोकन अडकलं होतं. टोकन त्यासाठीच घेतात.

कार लोनही त्यानेच टाळायला लावलं. "बाहेरच्या गाडीला बँक वेळ लावते, पर्सनल लोन काढा, दोन दिवसांत होईल." कार लोन घेतलं असतं तर बँकेचा व्हॅल्युअर गाडी बघायला आला असता. म्हणूनच नको होतं.

7 जुलैला ताम्हिणीत गाडी बंद पडली. ताब्यात येऊन 29 दिवस, चालवली जेमतेम 640 किलोमीटर. आधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, मग काचा आपोआप खाली गेल्या, मग गिअर पडेना. धो धो पाऊस, मागे आई आणि मुलगी, काचा उघड्या. टोइंगचे 8,500.

गॅरेजमध्ये कार्पेट उचललं तर खालच्या फोमखाली वाळलेल्या चिखलाचा थर. वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले. ते बोल्ट बघायला सीट मागे सरकवून फक्त खाली वाकावं लागतं, तेवढं तरी करा. स्कॅनर लावला तर जुन्या फॉल्ट कोडसोबत साठलेले किलोमीटर निघाले 91 हजारांच्या पुढे. म्हणजे मीटरही मागे फिरवलेलं. दुरुस्तीचा अंदाज 6,87,400.

कंपनीतला चेन्नईचा सहकारी आरसीवरच्या पत्त्यावर जाऊन आला. त्या गृहस्थांनी काहीच लपवलं नाही. डिसेंबर 2023 च्या मिचाँग चक्रीवादळात गाडी बेसमेंटमध्ये तीन दिवस पाण्यात होती. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, तसं झालं. पैसे त्यांना मिळाले, भंगार म्हणून गाडी बोलीत गेली, सोबत आरसी आणि सह्या केलेले मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30. पुढे धुऊन, पुसून ती पुण्यात माझ्यासमोर आली. एक फोन आधी केला असता तर! मागच्या वर्षीच्या पॉलिसीची प्रत मागा, आधीच्या मालकाशी स्वतः बोला. "ते परदेशात असतात" असं उत्तर आलं तर तिथून निघा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायला गेलो त्यांच्याबद्दल.

घराजवळच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, यार्ड आमच्या हद्दीत नाही. गुन्हा कुठेही नोंदवता येतो, नवीन कायद्यातही तसं आहे, हे मी म्हणालो तर "तुम्ही वकील आहात का?" यार्डच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो. व्यवहार जूनमधला, नवे कायदे 1 जुलैपासूनचे, तेव्हा फसवणुकीचं जुनं कलम 420 लागेल की नवं 318, यावर अर्धा तास गेला आणि शेवटी दोन्ही लागलं नाही. "हा दिवाणी मामला आहे." शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "गाडी आहे त्या स्थितीत पसंत करून घेतली" या ओळीखाली माझी सही होती, ती ओळ मलाच वाचून दाखवली. पासिंगचे 1,60,000 घेऊन त्याने काहीच केलं नव्हतं, गाडी अजून चेन्नईच्याच नावावर. तर साहेब म्हणाले, "गाडी तुमची नाहीच, मग तक्रार तुमची कशी?" माझ्या खात्यातून गेलेले पैसे तरी माझे होते ना?

1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला. माणूस समोर होता, पैसे तुम्हीच पाठवले, हा सायबर गुन्हा नाही. आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम आमच्या मानाने लहान आहे. लहान! उपायुक्तांच्या कार्यालयात दिलेल्या अर्जावर पोच मिळाली, पुढे काही नाही.

आरटीओत वेगळाच प्रकार. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं. याच्याकडे ते आहे का, एवढंच मला हवं होतं. खिडकी 4 वरून 11 वर, तिथून वरच्या मजल्यावर, शेवटी "माहिती अधिकार टाका". टाकला. तीस दिवसांत द्यायचं उत्तर एकेचाळिसाव्या दिवशी आलं: सदर नावाने नोंद आढळून येत नाही. म्हणजे माणूस परवान्याशिवाय धंदा करतोय, हे सरकारी कागदावर आहे. तो कागद घेऊन परत गेलो तर म्हणे कारवाईसाठी वेगळा अर्ज द्या. दिला. यार्ड चालू आहे. तुम्ही मात्र अधिकारपत्र आधी मागा, भिंतीवर नसेल तर टोकन देऊ नका.

ग्राहक आयोगात ऑक्टोबरमध्ये तक्रार दाखल केली, फी फक्त 400 रुपये. हे एक काम वकिलाशिवायही जमतं, नक्की करा. कायद्यात लिहिलंय, तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. आता अकरा महिने झाले. समोरचा दोन तारखांना आलाच नाही, तिसऱ्या तारखेला वकील येऊन मुदत घेऊन गेला.

पुढच्या तारखेला मी गॅरेजचा अहवाल, आरटीओचं उत्तर आणि पट्ट्याच्या त्या वीतभर तुकड्याचा फोटो देणार आहे. गेल्या रविवारी त्याच यार्डची जाहिरात पुन्हा दिसली. लाल गाडी, तामिळनाडू पासिंग, फर्स्ट ओनर, 41,000 किलोमीटर. कुणी बघायला जात असेल तर चारही पट्टे शेवटपर्यंत ओढा.